हत्तीण आणि हॅशटॅग
स्थलांतराचा उच्च न्यायालयाचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यावर, २०२५ च्या जुलैअखेर, कोल्हापूरकडच्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरच्या वनतारा या प्राणिसंगोपन केंद्राकडे रवाना झाली, तेव्हा त्या केंद्राच्या धन्यांचेच म्हणून जिओचे सिमकार्ड सोडल्याचे पुरावे कोल्हापूरकरांनी अभिमानाने स्टेटसला झळकवले. आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात वनताराने तिच्या परतीच्या अर्जास पाठिंबा जाहीर केला. लोकभावनेचा हा विजय आम्हांसही सुखावून गेला. परंतु ज्या समाजमाध्यमावर तो मिळाला, त्याच्या दप्तरी अस्सल हुंदका आणि भाडोत्री घोषणा एकाच रकान्यात जमा होतात, कारण तेथील कारकून सत्यासत्य न पाहता केवळ संख्या आणि वेग मोजतो, आणि हे मर्म पुढाऱ्यांच्या प्रचारकांस पुरते अवगत असल्यामुळेच निवडणुकीच्या तोंडावर एकच स्तुतिपर मजकूर, त्यातील चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट, शेकडो निनावी खात्यांवरून एकाच दुपारी उगवतो.