आधी निचरा, मग ऊब

दिवाळी संपली की आपल्या व्यवसायात हल्ली एक नवा प्रश्न कानावर येतो. पूर्वी कॅम्पर बांधून घेणारा ग्राहक विचारायचा, झोपायला माणसे किती मावतील, एसी कसा बसवाल. आता तो विचारतो, "डिसेंबरात गाडी घेऊन लाहौलला गेलो तर पाणी चालेल ना?" 3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगपलीकडचे लाहौल भर हिवाळ्यातही मनालीहून गाठता येऊ लागले. 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पुण्या-मुंबईच्या शेडमध्ये ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्या आता उणे दहा-पंधरा अंशांत रात्री काढू लागल्या आहेत. आपला हात मात्र अशा हवेत बसला आहे, जिथे नळातले पाणी गोठत नाही.

या प्रश्नाला आपल्याकडून हमखास मिळणारे उत्तर म्हणजे हीटर. टाकीला हीटिंग पॅड, पाइपला फोम, गाडीत डिझेल हीटर, आणि वर "काही काळजी करू नका" असा दिलासा. आमचे म्हणणे वेगळे आहे. थंडीत जाणाऱ्या गाडीची पाण्याची व्यवस्था आधी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होणारी असावी, मग ती उबदार कशी राखायची ते बघावे. हा क्रम उलटा झाला की गाडीचे नशीब एका फ्यूजवर अवलंबून राहते.

पाइप का फुटतो, हे नीट समजून घेतले तर या आग्रहामागचे कारण कळेल. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे बर्फ आतून पाइपाला रेटतो आणि पाइप तडकतो, असा समज रूढ झाला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने 1990 च्या दशकात घरांतल्या नळजोडण्या गोठवून पाहिल्या, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. पाइपात एका जागी बर्फाचे बूच बसते. ते वाढताना पुढचे पाणी बंद नळाकडे ढकलते. त्या कोंडलेल्या पाण्याला जायला वाट नसते, दाब वाढत जातो आणि पाइप फुटतो, तोही बऱ्याचदा बर्फ नसलेल्या ठिकाणी. त्याच अभ्यासात उघड्या पाइपांसाठी बाहेरचे उणे 7 अंश तापमान ही धोक्याची रेषा ठरली. म्हणजे आपला खरा शत्रू आहे दोन बंद तोंडांमध्ये अडकलेले पाणी. आता आपल्या गाडीचा आराखडा समोर ठेवा आणि अशा जागा मोजा. पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ते सिंकचा मिक्सर. गिझरचा नॉन-रिटर्न ते शॉवर. बाहेरच्या जोडणीचा इनलेट ते टी. एका छोट्या गाडीत अशा कितीतरी जागा निघतात.

"आम्ही पेक्स वापरतो, तो फुटत नाही," असे काही जण सांगतात. पेक्सची नळी ताणली जाते आणि पुन्हा मूळ आकारात येते, हे खरे. पण तिला जोडलेले कोपर, पंपाचे डोके, फिल्टरची वाटी, मिक्सरचे कार्ट्रिज यांना ती सोय नाही. सीपीव्हीसी तर थंडीत ठिसूळच होतो.

आपल्या गाड्यांतला एक भाग परदेशी माहितीपुस्तकांत सहसा भेटत नाही, म्हणून त्याकडे जरा जवळून पाहू. तो म्हणजे संडासातला जेट स्प्रे. भिंतीत अँगल कॉक, त्याला मीटरभर लवचिक नळी आणि टोकाला ट्रिगर. वापरणारा अँगल कॉक कधीच बंद करत नाही, त्यामुळे नळीत सतत पंपाच्या दाबाचे पाणी असते. ट्रिगर हुकात अडकवलेला असतो आणि नळी मध्ये लोंबून तिचा झोका होतो. टाकी सोडली, तळाचे कॉक उघडले, तरी त्या झोक्यात पाणी राहतेच. रात्री ते गोठते आणि ट्रिगरच्या आतली बारीक प्लॅस्टिकची बैठक तडकते. सकाळी उन्हाने बर्फ सुटला आणि पंप चालू केला, की न्हाणीघरात फवारा सुरू. उपाय साधा आहे. सगळे नळ उघडे ठेवायचे, म्हणजे मागून हवा शिरते. मग ट्रिगर हुकातून काढून फरशीला टेकवायचा आणि नळी रिकामी होईपर्यंत दाबून धरायचा. पण हे ग्राहकाला कोणीतरी दाखवायला हवे. हाच नियम शॉवरच्या होजला, मागच्या दारातल्या पाय धुण्याच्या नळाला, कॅसेट टॉयलेटच्या फ्लशला आणि प्युरिफायरला लागू आहे. प्युरिफायरमधले आरओ मेंब्रेन एकदा गोठले की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

निचरा बांधणीतच करावा लागतो, नंतर चिकटवता येत नाही. प्रत्येक आडव्या पाइपाला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार द्या आणि क्लॅम्प इतक्या जवळ घ्या की मध्ये पोट पडणार नाही. गरम आणि थंड लाइनच्या सर्वांत खालच्या बिंदूला स्वतंत्र कॉक द्या. बेडची फळी न उचलता हात पोचेल अशा जागी तो असावा. निचऱ्यानंतर बॉल व्हॉल्व्ह अर्धवट, तिरपा ठेवायचा, कारण आतल्या गोळ्यात अडकलेले पाणीसुद्धा व्हॉल्व्ह तडकवायला पुरते. पंप काही सेकंद कोरडा चालवून त्याच्या पोटातले पाणी काढायचे. गिझर थंड झाल्यावर आणि दाब सोडल्यावरच रिकामा करायचा. त्याच्या विजेच्या बटणाला असा बंद द्या की रिकाम्या टाकीत एलिमेंट जळणार नाही. हवा मारून लाइन साफ करायची असेल तर रेग्युलेटर लावून अडीच-तीन बारपर्यंतच दाब द्या. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब थेट दिलात, तर बर्फाने व्हायचे ते नुकसान तुमच्याच हातून होईल.

सिंक आणि न्हाणीच्या ट्रॅपमध्ये पाणी राहतेच. तिथे अँटिफ्रीझ लागते आणि इथेच सर्वांत मोठा धोका आहे. अमेरिकेत यासाठी गुलाबी रंगाचे, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे द्रावण सर्रास मिळते. आपल्याकडे स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा रेडिएटर कूलंट बहुधा एथिलीन ग्लायकॉलचा असतो. ते विष आहे, चवीला गोड आहे आणि मूत्रपिंडे निकामी करते. पिण्याच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या कुठल्याही लाइनमध्ये, ट्रॅपमध्येसुद्धा, ते ओतू नका आणि ग्राहकाला ओतू देऊ नका. खाद्य दर्जाचे प्रॉपिलीन ग्लायकॉल रसायन विक्रेत्यांकडून घ्या. पाण्यात निम्मे-निम्मे मिसळले तर ते उणे 30 अंशांच्याही खालपर्यंत गोठत नाही.

आता ऊब. उष्णतेवरच विसंबायचे तर केवढी साखळी सांभाळावी लागते ते पाहा. घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण असते. ब्युटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचे थांबते, त्यामुळे गॅसवरचा हीटर नेमक्या गरजेच्या रात्री मान टाकतो. डिझेल घ्यावे तर मैदानातले डिझेल कडक थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवते. म्हणूनच इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ, त्यामुळे हीटरची सेटिंग बदलावी लागते, नाहीतर तो काजळीने भरतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करता येत नाही. यातली एक कडी तुटली तरी बास. ग्राहक गाढ झोपेत असतो आणि पाइप फुटायला दोन-तीन तास पुरतात.

सगळी साखळी शाबूत असूनही घात होतो, तो थर्मोस्टॅटच्या जागेमुळे. मुक्कामाच्या ठिकाणी विजेची जोडणी मिळाली की ग्राहक डिझेल वाचवायला विजेचा हीटर लावतो. खोली छान तापते, थर्मोस्टॅट समाधानी होतो आणि डिझेल हीटर बंद पडतो. पण फरशीखालच्या टाकीच्या कप्प्यात जाणारी गरम हवा त्याच हीटरच्या डक्टमधून येत असते. वर माणसे स्वेटर काढून बसतात आणि खाली पंप गोठतो. म्हणून त्या कप्प्यात, सर्वांत थंड कोपऱ्यात, वेगळा सेन्सर द्या आणि त्याचा आकडा आत दिसू द्या. त्याहून चांगले म्हणजे फरशीखाली उघड्यावर एकही पाइप नेऊ नका. जर्मन बांधणीतल्या अनेक मोटरहोमना दुहेरी फरशी असते, टाक्या आणि पाइप त्या दोन थरांमध्ये, उबेत राहतात. तिथल्या ट्रुमा कंपनीच्या बॉयलरचा फ्रॉस्टकंट्रोल व्हॉल्व्ह तर सुमारे 3 अंशांना आपोआप उघडून बॉयलर रिकामा करतो. उत्तम हीटर बनवणाऱ्यांनाही शेवटचा आधार निचऱ्याचाच वाटला, यातून घ्यायचा तो धडा घ्यावा.

लेहमधल्या अनेक गेस्टहाउसनी हा निर्णय कधीच घेतला आहे. हिवाळ्यात पाइप रिकामे करायचे, नळ बंद ठेवायचे आणि पाहुण्याला गरम पाणी बादलीने द्यायचे. त्या हवेत राहणाऱ्यांची ही शहाणी व्यवस्था आहे. आपल्या गाडीतही तिला जागा द्या. आतल्या कपाटात वीस लिटरचा कॅन, त्याला पायाने चालणारा छोटा पंप आणि मुख्य लाइनपासून पूर्ण वेगळी जोडणी. लाइन रिकामी असली तरी चहा, स्वयंपाक आणि हातपाय धुणे अडत नाही.

युरोपातल्या ईएन 1646 या मानकात ग्रेड 3 मिळवायचा असेल, तर गाडी उणे 15 अंशांत थंड करून, मग आत 20 अंश तापमान आणून पाणी चालवून दाखवावे लागते. आपल्याकडे प्रत्येकाला असा कक्ष परवडणार नाही, पण मासळी आणि आइस्क्रीम ठेवणारी उणे 18 अंशांची कोल्ड स्टोरेज गावोगाव आहेत. प्लायवुडवर पंप, गिझर, मिक्सर आणि जेट स्प्रे गाडीतल्याच उतारांनी जोडा, पाणी भरा, निचरा करा, एक रात्र तिथे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दाब देऊन गळती तपासा. त्याआधीची चाचणी तर फुकटात होते. निचरा झाल्यावर हवा मारा आणि बाहेर येणारे पाणी मापात धरा. पेलाभराहून जास्त निघाले तर उतार चुकला आहे, गाडी परत रॅम्पवर घ्या.

या हिवाळ्यापासून प्रत्येक डिलिव्हरीला तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची सर्व बांधणाऱ्यांना विनंती आहे. कॉकना क्रमांक देऊन नळजोडणीचा नकाशा दाराच्या आतल्या बाजूला लावा. ग्राहकाला स्वतःच्या हाताने एकदा संपूर्ण निचरा करायला लावा, भाड्याने गाडी देणाऱ्यांनी हे प्रत्येक भाडेकरूकडून करून घ्यावे. आणि पावतीवर दोन ओळी लिहून द्या: टाकी भरलेली असताना ही गाडी किती अंशांपर्यंत वापरावी, आणि त्याखाली ती रिकामीच का ठेवावी. हा आकडा लिहायचा म्हटला की चाचणी करावीच लागेल, आणि चाचणी केली की उतार, कॉक आणि जोड आपोआप जागेवर येतील. ज्याच्याकडे हा आकडा नाही, त्याने "पाणी चालेल ना?" या प्रश्नाला हो म्हणू नये.