स्क्रू कुणीही पिळा, बिल मला दाखवा

गेमिंगचा कॉम्प्युटर तयार घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः जोडावा, या वादात मी दोन्ही बाजूंनी भांडून झालोय. दोन्ही वेळा चुकलो. दुसऱ्या वेळी चुकलो तेव्हा पैसे माझे नव्हते, म्हणून हे लिहितोय.

आधी 'स्वतःच जोडा'वाले. 'अरे, लेगोसारखं असतं' हे त्यांचं लाडकं वाक्य. मी पहिल्यांदा जोडायला बसलो तेव्हा प्रोसेसर बसवताना हात हलला आणि मदरबोर्डाच्या सॉकेटमधल्या दोन-तीन पिना वाकल्या. केसाएवढ्या पिना. वॉरंटीत असलं नुकसान बसत नाही; नवा बोर्ड आणला. जोडणं सोपं आहे असं सांगणारे लोक आपला पहिला बोर्ड विसरलेले असतात. बरं, पैसे तरी नेहमी वाचतात का? २०२१ साली ग्राफिक्स कार्डं छापील किमतीच्या दुप्पट-तिपटीने विकली जात होती. तेव्हा तयार मशीन घेणारा मूर्ख नव्हता. बरेचदा वाजवी दरात कार्ड मिळवायचा तोच एक मार्ग होता.

या अनुभवावरून मी शहाणा झालो आणि ताईच्या मुलाला सल्ला दिला: तयार घे, वॉरंटी असते. भाओजींनी साठ हजार बाजूला काढले होते. त्याच मशीनवर इंजिनिअरिंगचा अभ्यास, प्रोजेक्ट आणि रात्री गेम, असा हिशेब होता. जाहिरातीत १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०५०, काचेचं कॅबिनेट आणि रंग बदलणारे चार पंखे. मशीन आलं, घरात पेढे वाटले. चौदाव्या महिन्यात एका संध्याकाळी फट् आवाज आला आणि जळका वास. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. वॉरंटी एका वर्षाची. ताई फोनवर एवढंच म्हणाली, "तूच म्हणाला होतास ना, तयार घे म्हणून?"

मग मी ते कॅबिनेट उघडलं. एसएमपीएसवर कधी न ऐकलेलं नाव आणि ठळक '४५० वॅट'. खालच्या बारीक तक्त्यात बारा व्होल्टच्या लाइनला किती अँपिअर ते पाहिलं. गुणाकार तीनशेच्याही खाली आला. रॅमची एकच १६ची पट्टी, म्हणजे दोन चॅनेलपैकी एक मोकळाच. आणि कार्ड? आरटीएक्स ३०५० या नावाची डेस्कटॉपसाठी दोन निराळी कार्डं आहेत. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची मेमरी बस. ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. जाहिरातीत नुसतं '३०५०' होतं. आत ६ होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

माझा राग इथे आहे. साठ हजारांत प्रत्येक रुपयाची मारामारी असते, आणि तयार मशीन विकणारा तो रुपया जिथे दिसतो तिथे घालतो: काच, दिवे, प्रोसेसरचं नाव. जिथे दिसत नाही तिथून काढून घेतो. मोठ्या ब्रँडांची तऱ्हा आणखी वेगळी. एटीएक्स हे माप १९९५पासून सगळ्यांना खुलं आहे, तरी काहींच्या पेटीत आपल्याच आकाराचा बोर्ड आणि आपल्याच कनेक्टरचा एसएमपीएस निघतो. पुढे चांगलं कार्ड घालायचं म्हटलं की बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. लक्षाधीशाला हे चालेल, तो नवीन घेईल. बजेटवाल्याची सगळी भिस्त पुढे एकेक भाग बदलण्यावर असते.

म्हणजे परत 'स्वतः जोडा'? नाही हो. आपल्याकडे तिसरा रस्ता पहिल्यापासून आहे आणि तो आपण परदेशी व्हिडिओ बघून विसरलो. लॅमिंग्टन रोडवर जा, यादी आपली द्या, जोडून दुकानदार देईल. पिना वाकल्या तर त्याच्या. 'असेंबल्ड' हा शब्द आपल्या घरांत उगाच नाही रुळलेला. अट एकच: बिलावर प्रत्येक भाग मॉडेल नंबरासकट वेगळा लिहून घ्यायचा. मग वॉरंटीही भागागणिक मिळते. बऱ्या एसएमपीएसवर तीन ते पाच वर्षं सहज असते. एखादा दुकानदार 'फुल सेट अमुक हजार' एवढंच लिहून देत असेल, तर त्याच्याकडून पाणीसुद्धा पिऊ नये.

गेल्या महिन्यात भाचा आला, पंचवटीने दादर आणि तिथून ग्रँट रोड. कार्ड आणि रॅम जुनीच, बाकीचं घ्यायचं होतं. मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिलो. काउंटरवरचा माणूस कॅबिनेट पुसत म्हणाला, "एसएमपीएस याच्याबरोबरचाच येतो, फ्री. तोच लावू ना?"

"नको," भाचा म्हणाला. "मॉडेल नंबर सांगा आणि मागची बाजू दाखवा."