बातमी चुकली? जाहिरात बंद करू नका, संपादकाला पत्र लिहा

दिवाळी तोंडावर आली की अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी मिठाईच्या दुकानांतून खव्याचे, पेढ्यांचे नमुने घेतात. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवालासाठी कायद्यात १४ दिवसांची मुदत आहे. म्हणजे नमुना घेतला त्या दिवशी भेसळ आहे की नाही, हे कोणालाच माहीत नसतं. तरी दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर मथळा झळकतो, 'अमुक स्वीट्समध्ये भेसळ'. हे तुमच्या दुकानाच्या नावाने आलं तर काय कराल?

बॅचमध्ये मी हा प्रश्न टाकला की उत्तरं ठरलेली असतात. 'त्या पत्रकाराला फोन करून झापतो.' 'स्टेटस टाकतो.' 'नगरसेवकाकडून सांगायला लावतो.' 'जाहिरात बंद करतो.' माझ्या मते चारही उत्तरं धंद्याला मारक आहेत, आणि शेवटचं सगळ्यात वाईट.

का, ते सांगतो. लहान गावात बातमी देणारा आणि जाहिरात गोळा करणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो, तोही कमिशनवर. ही पद्धतच चुकीची आहे आणि तिची जबाबदारी पेपर चालवणाऱ्यांची. पण 'दिवाळीला अर्धं पान दिलं होतं, विसरलात का?' असं म्हटलं की आपणही त्याच सौद्यात बसलो. उद्या शेजारच्या दुकानदाराने पूर्ण पान दिलं तर? शिवाय तुमची खरी तक्रार बाजूला पडते आणि समोरच्याच्या लक्षात फक्त धमकी राहते.

त्यापेक्षा पेपर समोर घ्या आणि नक्की कुठलं वाक्य खोटं आहे, त्याखाली रेघ मारा. रेघ मारता येत नसेल तर ती बातमी चुकीची नाही, फक्त तुम्हाला नावडती आहे. स्वयंपाकघरात झुरळं सापडली, नोटीस आली, हे खरंच घडलं असेल तर खुलासा कसला मागता? आधी साफसफाई करा. मात्र 'नमुना घेतला' याचं 'भेसळ सापडली' झालं असेल, तर तिथे रेघ शंभर टक्के मारता येते.

मग त्याच दिवशी संपादकाच्या नावाने लेखी पत्र द्या. पोच घ्या, ईमेलही करा. तारीख, आवृत्ती, पान, मथळा, चुकीचं वाक्य, बरोबर वाक्य, आणि नमुना घेताना अधिकाऱ्यांनी दिलेल्या कागदाची प्रत. राग, इतिहास, ओळखीपाळखी काही नको, एक पान पुरे. मागणीही स्पष्ट लिहा, की दुरुस्ती त्याच पानावर, नजरेला पडेल अशी छापावी. हे आपण दयेपोटी मागत नाही. चूक लक्षात आली की ती तातडीने आणि ठळकपणे दुरुस्त करावी, चूक गंभीर असेल तर दिलगिरीही छापावी, असं प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या निकषांतच आहे. मथळा पहिल्या पानावर आणि दुरुस्ती छोट्या जाहिरातींच्या खाली, हा प्रकार मी तरी दुरुस्ती मानत नाही. खराब माल परत घेताना आपण गिऱ्हाईकाला मागच्या दाराने बोलावतो का?

संपादकाने दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, आणि आधी संपादकाला लिहिलेलं असायला हवं. म्हणून त्या पत्राची प्रत जपा. कौन्सिल दंड करू शकत नाही. ताकीद देते, समज देते, निषेध नोंदवते. टीव्ही चॅनेल तिच्या कक्षेत येत नाहीत.

चॅनेलवरून आठवलं. सप्टेंबर २००८ मध्ये टाइम्स नाऊने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच न्यायमूर्तींचा फोटो दाखवला, जेमतेम १५ सेकंद. तो फोटो होता सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. योगायोग बघा, ते स्वतः प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष राहिलेले! चूक कळवल्यावर चॅनेलने फोटो थांबवला, पण दिलगिरी दाखवली ती सावंतांचं पत्र गेल्यानंतर. प्रकरण पुण्याच्या कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये १०० कोटींच्या भरपाईचा निकाल लागला. अपिलासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २० कोटी भरायला आणि ८० कोटींची बँक गॅरंटी द्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

१०० कोटी हा आकडा मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. असा निकाल एखाद्या जिल्हा दैनिकावर आला तर ते दुसऱ्या दिवशी बंद पडेल, आणि मग गावातल्या खऱ्या भानगडीही कोणी छापणार नाही. पण त्याच संध्याकाळी, त्याच बातमीच्या वेळी, 'फोटो चुकला, क्षमस्व' एवढं सांगायला चॅनेलला काय खर्च आला असता?

कोर्टाचा विचार तुमच्याही डोक्यात असेल, तर बदनामीच्या भरपाईचा दावा एका वर्षाच्या आत करावा लागतो. वकिलाची फी आणि त्या वर्षाचा गल्ला शेजारी शेजारी मांडून बघा, आणि मग ठरवा. दुरुस्ती छापून आली, तर ते कात्रण लॅमिनेट करून काउंटरवर लावा. गिऱ्हाईक चकली मोजून घेताना ते वाचतंच.