मजुरी आभासी चलनात, जोखीम मजुराच्या माथी

पनवेल : पावसाळा सरला की पनवेलच्या आदिवासी वाड्यांतून कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. आधी उचल, मग आठवड्याची खर्ची आणि हंगामाअखेरीस हिशेब, अशी या मजुरीची रीत. वही मालकाकडे असल्याने शेवटी हाती काय पडेल, हे मजुराला ठाऊक नसते. याच तालुक्यातील खारघरमध्ये घरबसल्या परदेशी कंपनीचे काम करणाऱ्या तंत्रज्ञाला बिटकॉइनसारख्या आभासी चलनात वेतन देऊ केले गेले, तर तो स्वतःला या मजुरापासून फार दूर समजेल. प्रश्न मात्र दोघांपुढे एकच आहे : मजुरी कशात आणि कोणाच्या दराने?

कायद्याने याचे उत्तर १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमातच दिले होते. वेतन प्रचलित नाण्यांत वा चलनी नोटांतच द्यावे, असे बंधन त्यात होते. धनादेश आणि बँक खात्याची सर्वसाधारण मुभा नंतर आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने त्यात ‘इलेक्ट्रॉनिक मार्गा’ची भर घातली. जुन्या कायद्याची दरमहा २४ हजार रुपयांची वेतनमर्यादाही संहितेत नाही, त्यामुळे हे संरक्षण आता वेतनाच्या रकमेवर अवलंबून नाही.

‘इलेक्ट्रॉनिक’ या शब्दाच्या आडून आभासी चलन आत येऊ शकेल काय? तसा अर्थ लावणे कठीण आहे. तो शब्द पैसे पोहोचविण्याचा मार्ग सांगतो, पैशाचा प्रकार नव्हे. शिवाय २०२२ च्या वित्त कायद्याने आभासी डिजिटल मालमत्तेची व्याख्या करताना भारतीय व परकीय चलन त्यातून वगळले आहे. सरकारच्या लेखी ही मालमत्ता आहे, चलन नव्हे.

हा भेद कागदी नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास पोहोचलेले बिटकॉइन वर्षभरात १७ हजारांच्याही खाली घसरले. त्या दराने घेतलेले ४० हजारांचे वेतन जपून ठेवणाऱ्याच्या हाती सुमारे चौथा हिस्सा उरला असता. घरभाडे आणि शाळेची फी मात्र रुपयांतच भरावी लागते. विक्रीत नफा झाल्यास ३० टक्के कर आहे; तोटा झाल्यास तो अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय विनिमय केंद्रावर सायबर दरोडा पडला, तेव्हा ग्राहकांची रक्कम वर्षाहून अधिक काळ अडकून पडली.

कर्मचाऱ्याची संमती असेल तर हरकत कसली, असा युक्तिवाद केला जातो. दुबईतील न्यायालयाने २०२४ मध्ये करारात ठरलेले टोकन वेतन म्हणून देण्याचा आदेश दिला, तोही कराराच्याच आधारे. परंतु उचल घेणाऱ्या कातकऱ्याचीही संमतीच असते. नोकरीची निकड असलेल्याची संमती कितपत मुक्त, हे ओळखूनच कायद्याने वेतनाचे स्वरूप दोघांच्या मर्जीवर सोडले नाही.

खरी पोकळी अन्यत्र आहे. ‘कर्मचारी’ नव्हे, तर ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणून करार करणाऱ्यांना वेतन संहितेचे छत्र मिळत नाही. आभासी चलनाचा मोबदला शिरण्याची वाटही हीच आहे. वेतन रुपयांत खात्यावर जमा व्हावे, त्यानंतर ज्याला हवे त्याने बिटकॉइन खुशाल घ्यावे. भाव पडण्याचा धोका कोणी पत्करायचा, हे मात्र वही ज्याच्या हाती त्याने ठरवू नये.