कृपा परकी नव्हे

मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा जेथे नित्य कानी पडतात, त्या बोथ गावी बसून आम्ही हे लिहीत आहोत. शब्दाला वेशीपाशी अडवून त्याचे कूळ विचारण्याची सवय येथे कोणास लागत नाही. धर्माच्या बाबतीत मात्र ती आमच्याच मंडळींत बळावली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भक्तिपर कविता कोणी वाचली, की आक्षेप निघतो: यातली कृपा ल्यूथरची, श्रद्धा मिशनची, आपल्या देवळाशी तिचा संबंध काय?

हा आक्षेप आम्हांस मान्य नाही.

ल्यूथरचे म्हणणे काय होते? मठात राहून व्रते-उपास करूनही त्याच्या मनाला शांती लाभली नाही. १५१७ साली विटेनबर्ग येथे त्याने ९५ कलमे मांडली, ती पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकण्याच्या प्रथेविरुद्ध. तारण पुण्याच्या मोबदल्यात मिळत नाही. ते ईश्वराचे दान असून श्रद्धेने स्वीकारायचे असते, ही त्याची शिकवण. आम्ही वकील, आम्हांस येथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील बक्षिसाची व्याख्या आठवते. देणारा मोबदला न घेता स्वखुशीने देतो, घेणारा स्वीकारतो, म्हणजे बक्षीस पुरे होते. स्वीकार ही काही किंमत नव्हे. तशी श्रद्धाही कृपेची किंमत नव्हे.

हे तत्त्व पंढरीच्या वाटेवर नवे आहे काय? तुकोबा स्वतःस पतित म्हणवितात आणि विठोबाला पतितपावन. त्या नात्यात पुण्याचा हिशेब कोठे आहे? चोखोबांना तर देवळाचे दारच बंद होते. त्यांनी कोणते पुण्य मोजून द्यावे? टिळक स्वतः सांगत, की तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो. सेतू आपला आहे. तो परका ठरविला तर आपलीच वाट मोडते.

दुसरा आक्षेप लाभाचा. १८६१ साली कोकणात ब्राह्मण कुळात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन काय मिळविले? पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दुरावल्या. पुढे त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, ती हकीकत ‘स्मृतिचित्रे’त आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडून संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला; त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. लाभाचा लोभी असे करीत नाही.

टिळकांशी वादाचे स्थळ आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कृपेची परिपूर्ती ख्रिस्ताच्या ठायी होते, हे त्यांचे म्हणणे आम्हांस पटत नाही. त्या मुद्द्यावर खुशाल भांडावे. परंतु कृपाच परकी ठरविली, तर आपल्यापाशी उरते काय? पावती! अमुक रकमेला अमुक दर्शन, तमुक रकमेला तमुक अभिषेक. पंढरपूरचे दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, हे विसरून कृपेचे मालक म्हणून मिरविणाऱ्यांनी आधी आपली दप्तरे तपासावीत.

पावतीवर देणगी लिहावी, कृपा लिहू नये. एवढे जरी आपल्या विश्वस्तांनी मानले, तरी टिळकांची कविता वाचल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.