छबिलदासच्या बाई

सुलभा देशपांडे मुंबईच्या छबिलदास शाळेत शिकवायच्या. १९६७ साली विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात त्यांनी उभी केली तीही बाईच, लीला बेणारे. खेळ म्हणून मांडलेल्या कोर्टात हसत आलेली, शेवटच्या स्वगतात उसवत गेलेली. पुढे ‘भूमिका’सारखे चित्रपट आले, ‘इंग्लिश विंग्लिश’मधली सासू आली, पण मला मोठं वाटतं ते त्यांनी मुलांच्या नाटकासाठी उभं केलेलं ‘चंद्रशाला’.

आपल्याकडे जालना-अंबड-परतूरला शाळेतलं नाटक स्नेहसंमेलनापुरतंच. भाड्याचे कपडे, घाईघाईचं पाठांतर, दुसऱ्या दिवशी सगळं विसरलेलं. तरीही वर्षभर तालीम घेणारे गुरुजी, बाई आपल्या जिल्ह्यात नक्की असतील. त्यांनी आम्हाला लिहावं. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.