फुकट टपाल नावाची थाप

तर झालं असं. बाबांनी जमवलेल्या जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा मागच्या महिन्यात नेटवर विकायला काढला. किंमत ४०० रुपये, टपालखर्च वेगळा, हे आधीच लिहिलं होतं. नागपूरच्या एका गृहस्थांनी पैसे भरले. इथे भाईंदरला पोस्टात वजन करून मी खर्च कळवला, तर उत्तर आलं, "टपालाचे पैसे कसले? सगळीकडे फ्री असतं. तुम्ही त्यातही कमावता वाटतं."

ताई म्हणाली, "एवढ्याशा पैशांसाठी कशाला वाद घालतेस, सोडून दे." नाही सोडणार!

मंडळी, फुकट टपाल कुठेच नसतं. मोठ्या कंपन्या ते वस्तूच्या किमतीत मुरवतात, नाहीतर विकणाऱ्याकडून कापून घेतात. भाडं कोणीतरी भरतंच.

हे दुखणं नेटच्या आधीचं आहे. टपालखात्याची व्ही.पी. १८७७ पासूनची. पार्सल दारात आलं की पैसे द्यायचे. घेणारा ऐनवेळी "नको" म्हणाला की पार्सल परत, आणि टपालखर्च पाठवणाऱ्याच्या बोकांडी. २०१० मध्ये फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि त्याच खोडीला नवं नाव मिळालं. मोठी कंपनी तो तोटा पचवते. घरातून चार पुस्तकं विकणारीने काय करायचं?

त्यात छापील पुस्तकांसाठीचं स्वस्त रजिस्टर टपाल डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. मे २०२५ मध्ये ज्ञान पोस्ट आली, पण तिच्यात नियतकालिकांना जागा नाही. म्हणजे दिवाळी अंक बाहेरच.

विकणारेही सगळे साव नसतात, हे मान्य. पन्नासच्या टपालाचे शंभर लावणारे आहेत, आणि गिऱ्हाईक संशयी होतं ते अशांमुळेच. म्हणून माझा नियम: वजन आधी, आकडा आधी, पावतीचा फोटो नंतर. माझ्या बांधणीमुळे अंक फाटला तर भरपाई माझी. पण रस्त्याचं भाडं घेणाऱ्याचं.

त्या गृहस्थांचे ४०० रुपये मी परत केले. अंक पुन्हा कपाटात गेले. बाबांना ते कोणीतरी वाचावेत असं वाटायचं, एवढीच रुखरुख आहे.

असो. पुढच्या वेळी कुठे "फ्री डिलिव्हरी" दिसली, तर ती कोणाच्या खिशातून येतेय, एवढं बघा.